बाहेरच्या शिवणीचं झबलं

कोबीच्या गड्ड्यावरून झबलं खाली उतरेना, तेव्हा सेकानीने ते दोन्ही हातांनी ओढलं आणि गळ्याची शिवण टर्रकन उसवली.

“गेलं,” ती म्हणाली. “हे पण गेलं.”

कुंपणापलीकडे शेजारीण न्यागोंड्वे चुलीवरच्या कढईत मंदासी तळत होती. पिठाचा गोळा तेलात सोडून तिने मान लांब केली.

“कितवं गं हे?”

“तिसरं.”

“कोबी मोठा घेतलास तू. जन्मलेल्या बाळाचं डोकं एवढं थोडंच असतं?”

“असतं! तुमच्याच नातवाचं दोऱ्याने मोजून घेतलंय मी. कोबी त्याच्यापेक्षा बोटभर लहानच आहे.”

“मग आमच्या नातवालाच सांगते, डोकं जरा बारीक कर म्हणून,” न्यागोंड्वे म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर खो खो हसत सुटली.

सेकानीला हसू आलं नाही. तिच्या नावाचा अर्थच ‘हसा’ असा होता, आणि गेल्या दीड महिन्यात अर्ध्या चिबावी वस्तीने तिला त्याची आठवण करून दिली होती. तिने कोबी उचलून पायरीवर आपटला. उसवलेलं झबलं मशीनशेजारच्या टोपलीत फेकलं, आणि फेकलं म्हणून वाईट वाटून पुन्हा उचलून घडी घातली.

ती माहेरची हरावा. लग्न होऊन मझुझू शहरात आली तशी सगळ्यांची न्याहरावा झाली, म्हणजे हरावांची लेक. आठवा महिना सरत आला होता. कॉफीच्या गोदामात ती दाणे निवडायची. लांबलचक टेबलाशी बसून किडका, फुटका, काळा दाणा वेगळा काढायचा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. सहा वर्षांत तिची नजर अशी तयार झाली होती की मुकादम शंकेची टोपली तिच्याचकडे पाठवायचा. पोट टेबलाला लागायला लागलं तेव्हा तिने रजा घेतली. घरी आली ती एक जुनं हातमशीन घेऊनच. बदली होऊन निघालेल्या एका शाळामास्तरणीने ते विकायला काढलं होतं.

“शिवता येतं तुला?” सासूने विचारलं होतं.

“येईल.”

“कोण शिकवणार?”

“मशीन आहे, कापड आहे. आणखी काय लागतं?”

आता तिला कळलं होतं आणखी काय काय लागतं ते. पण माघार घ्यायची म्हणजे नाक कापून घेण्यासारखं होतं, कारण तिने सगळ्या गोतावळ्यासमोर सांगून टाकलं होतं की बाळाचा एकूण एक कपडा मी शिवणार. झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, सगळं. यामागचं कारण मात्र तिने कोणाला सांगितलं नव्हतं. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. काकाच्या घरी वाढली. काकाच्या तीन मुलींनी घालून झालेले कपडे तिच्या अंगावर यायचे, गुडघ्याला झिजलेले, काखेत ताणलेले, दुसऱ्याच कुणाच्या अंगाचा आकार घेतलेले. तिच्या मापाने कापलेलं पहिलं कापड तिच्या अंगावर आलं ते लग्नात. आपल्या बाळाच्या अंगाला लागणारं पहिलं कापड त्याच्यासाठीच बेतलेलं असायला हवं, एवढं तिने मनाशी धरलं होतं.

पण हात काही ऐकत नव्हते. पहिले दोन आठवडे तर टाकाच पडत नव्हता. चार टाके बसायचे, पाच गळायचे, आणि कापड उलटलं की खाली दोऱ्याचं जाळं. ती दोरा काढायची, ओवायची, काढायची, ओवायची. बॉबीन बदलून पाहिली, तेल घातलं, मशीनला शिव्या घातल्या. शेवटी मशीनच बिघडलंय असं ठरवून न्यागोंड्वेच्या लेकीच्या डोक्यावर ते दिलं आणि दोघी बाजाराच्या रस्त्याला गेल्या.

तिथे दुकानांच्या ओट्यावर टेलर ओळीने बसायचे. सगळे पुरुष, सगळ्यांची पायमशीनं. त्यांतला सर्वांत म्हातारा मसिस्का. दोन आठवडे टाकाच पडत नाही, असं तिने त्याला सांगितलं. त्याने चष्मा कपाळावरून खाली ओढला, मशीनकडे एकदा पाहिलं, स्क्रू सैल केला, सुई काढली, अर्धी फिरवली आणि परत बसवली. कापडाचा तुकडा घालून दांडा फिरवला. मुंग्यांच्या रांगेसारखी सरळ टीप पडली.

“सुई उलटी होती,” तो म्हणाला.

ओट्यावरची सगळी मशीनं थांबली. मग एकाने फिसकन सोडलं आणि पाठोपाठ सगळेच हसले.

“दोन आठवडे?” मसिस्काने विचारलं. “दोन आठवडे उलट्या सुईने शिवत होतीस?”

“मला कोणी सांगितलं नव्हतं, मसिस्काबाबा.”

“अगं, तू विचारलं होतंस कुणाला?” मग त्याने आवाज मऊ केला. “हे बघ, कापड आणून दे. अर्ध्या दिवसात सगळं शिवून देतो. तू पाय वर करून बस.”

“नको.”

“हट्टी आहे हो,” तो शेजारच्याला म्हणाला. “मूल पण हिच्यावरच जाणार.”

परतताना तिच्या कानशिलांतून आग निघत होती. लेकीने वाटेत दोनदा विचारलं, “मावशी, दुखतंय का काही?” ती झपाझप चालत राहिली.

सुई सरळ झाली तरी शिवण सरळ झाली नाही. लंगोटाचे चौकोन कापले ते धुतल्यावर पतंगासारखे तिरके झाले. टोपडं शिवलं ते पिशवीसारखं टोकदार झालं. फ्लॅनेलच्या कोटाच्या दोन्ही बाह्या तिने एवढ्या जपून लावल्या, आणि कोट उलगडून धरला तेव्हा दोन्ही डाव्या हाताच्याच निघाल्या. सगळ्यांत वाईट म्हणजे चूक तिला लगेच दिसायची. दुसरी एखादी बाई म्हणाली असती, चालतंय की. सेकानीला गळ्यापाशी एक टाका वाकडा गेलेला दारातून दिसायचा. डोळे सहा वर्षांचे तयार आणि हात दीड महिन्याचे. त्या दोघांचं रोज भांडण.

नवरा लुंबानी चिकांगावाच्या जंगलात लाकडाच्या गिरणीवर होता. शनिवारी यायचा, अंगाला पाइनच्या डिंकाचा वास घेऊन. त्या शनिवारी त्याने मक्याच्या पिठाची न्सिमा आणि सुक्या मासळीचं ताट पुढ्यात ओढलं आणि टोपलीकडे पाहून सहज म्हणाला, “बाजारात जुन्या कपड्यांची गाठोडी फुटतात दर मंगळवारी. काय सुरेख लोकरीचं मिळतं. दूरदेशीच्या कुठल्या बाळाने दोनदा घातलेलं, नव्यासारखं.”

“म्हणजे दुसऱ्याचं.”

“धुतलेलं असतं गं.”

“बारा वर्षं मी धुतलेलंच घातलंय, लुंबानी.”

त्याने घास तसाच हातात धरला. “मी काय वाईट बोललो?”

“काही नाही. जेव.”

“हे बघ, तुला त्रास होतो म्हणून म्हटलं. सगळा आठवडा तू चिडलेली असतेस असं आई सांगते. माझ्यावर, मशीनवर, त्या बिचाऱ्या कोबीवर.”

“आईंना सांगायला दुसरं काही नसतं का?”

सासू न्याकुम्वेंडा त्याच अंगणातल्या पुढच्या घरात राहायची. चर्चच्या बायकांच्या मंडळात तिचा शब्द चालायचा. कमी बोलणारी बाई, पण बोलली की समोरच्याला पळायला वहाणा शोधाव्या लागायच्या. शिवणाबद्दल मात्र तिने पहिल्या दिवसानंतर एक अक्षर काढलं नव्हतं. थंडीचा जून लागला, धुकं दुपारपर्यंत उठेनासं झालं, तेव्हा एका सकाळी ती आली आणि टोपली उचलून म्हणाली, “यातलं जे काही झालंय ते मी धुऊन इस्त्री करून ठेवते. दवाखान्यात न्यायला तयार असू दे.”

“अजून झालं कुठे काही?” सेकानी म्हणाली. पण पाठ दुखत होती, आणि कोणीतरी आपलं काम कपडे म्हणून हातात घेतंय, एवढ्यानेच तिला बरं वाटलं. तिने नेऊ दिली.

चौथ्या दिवशी टोपली परत आली. वर घडी घातलेलं पिवळं झबलं होतं. सेकानीने ते उलगडलं. गळा छान गोल बसला होता. खांद्याची शिवण खांद्यावर होती. तिने कोबीचा नवा गड्डा आणला आणि श्वास रोखून झबलं चढवलं. अलगद उतरलं.

“न्यागोंड्वे!” तिने कुंपणापाशी जाऊन हाक मारली. “बघा, बघा! धुतल्यावर कापड बसलं. आता कसं दिसतंय?”

न्यागोंड्वेने पिठाचे हात पुसून झबलं बोटांत धरलं. “अगं बाई! हे तू शिवलंस?”

“मग काय शेजाऱ्यांनी?”

“नाही, म्हणजे… छान झालंय हो.” आणि ती घाईने कढईकडे वळली.

दोन दिवस सेकानी हवेत होती. मनातल्या मनात मसिस्काच्या ओट्यावर जाऊन ते झबलं दाखवून आली. शनिवारी लुंबानी आला तर त्याच्याशी गोड बोलली. रविवारी चर्चहून आल्यावर ती खिडकीपाशी बसली, झबलं मांडीवर घेतलं आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. सवयीनेच, जसा दाण्यांवरून फिरायचा.

टाके बारीक होते. तिच्या टाक्यांच्या निम्मे. सगळे एकसारखे. टोकाला दोरा मागे नेऊन पक्का केलेला होता. तिला ते येत नव्हतं, ती गाठ मारायची. गळा आतून उलगडून पाहिला, तर तिथे त्याच कापडाची नाजूक पट्टी लावलेली होती. अशी पट्टी लावतात हेच तिला माहीत नव्हतं. तिने टोपली जमिनीवर पालथी केली. कोटाला एक उजवी बाही होती. टोपडं गोल होतं. लंगोट चौकोनी होते.

मग झबलं उचलून ती थेट बाजाराच्या रस्त्याला लागली. रविवार असूनही मसिस्का ओट्यावर होता, कुणाच्या तरी लग्नाचं काम घेऊन.

“हे कोणी शिवलं?”

त्याने झबल्याकडे पाहिलं, मग आपल्या मशीनकडे. “तूच ना?”

“मसिस्काबाबा, कॉफीच्या दाण्यातलं सुईच्या टोकाएवढं भोक ओळखते मी.”

म्हाताऱ्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “तुझी सासू आली होती. पोरीला कळू देऊ नका म्हणाली. मी म्हटलं, कळणार कसं? कापड चांगलं होतं गं. वाया जाताना बघवेना.”

“वाया जात नव्हतं. मी शिवत होते.”

“एकच गोष्ट झाली ती,” तो चटकन बोलून गेला, आणि मग तिचा चेहरा पाहून म्हणाला, “चुकलो.”

घरी आली तेव्हा सासू अंगणात शेंगा सोलत होती. सेकानीने झबलं तिच्या सुपात टाकलं.

“का केलंत असं, आई?”

न्याकुम्वेंडाने शेंग सोलायची थांबवली नाही. “कळलं म्हणायचं तुला.”

“सगळ्यांना माहीत होतं. न्यागोंड्वेला पण. मी तिला नाचून दाखवत होते आणि ती तोंड लपवत होती! दवाखान्यात तुमच्या मंडळाच्या बायका येतील, त्यांच्यापुढे लाज नको, हेच ना?”

“तेही आहे.”

“आणि?”

सासूने सूप बाजूला ठेवलं. “मातीची भिंत आहे. रोज ऐकते मी तुला. मशीन फिरतं, थांबतं, आणि मग तू रडतेस. मागच्या वेळीही तू त्याच खोलीत रडत होतीस.” दोन वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात सेकानीचं पोट रिकामं झालं होतं. त्याबद्दल या घरात तोपर्यंत कोणी शब्द काढला नव्हता. “इतकं रडून शिवलेलं कापड बाळाच्या अंगाला लागू नये असं मला वाटतं. लोक काय मानतात ते मला माहीत नाही. मला भीती वाटली, म्हणून मी नेलं.”

सेकानीच्या रागाला पाय ठेवायला जागाच उरली नाही, आणि त्यामुळे ती आणखी चिडली.

“मी रडत नव्हते,” ती म्हणाली. “मी चिडत होते. मागच्या वेळी रडले. दोन्हींत फरक असतो.”

“मग चिडून शिवलेलं बरं असतं का?”

सेकानीने सुपातलं झबलं उचललं, त्याला चिकटलेली टरफलं झटकली आणि आत गेली.

मसिस्काचा टाका उसवणं म्हणजे चेष्टा नव्हती. ब्लेडच्या कोपऱ्याने एकेक टाका तोडत तिने पूर्ण दोन दिवस घातले. न्यागोंड्वेने कुंपणावरून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “अगं वेडे, इतकं चांगलं झबलं!”

“तुम्ही माझ्याशी बोलू नका.”

“माझा काय दोष? तुझ्या सासूने दम दिला होता.”

“तरी बोलू नका.”

पण दुपारी न्यागोंड्वेने गरम मंदासी कुंपणावरून पुढे केली तेव्हा तिने घेतली.

पिवळ्या कापडाचे चार तुकडे सुटे झाले. सुईच्या भोकांनी कडा चाळणीसारख्या झाल्या होत्या. त्या कापून टाकाव्या लागल्या, आणि उरलेलं जेमतेम पुरणार होतं. आता चुकायला कापड नव्हतं. तिने आधी हाताने धावदोरा घातला, मग मशीनवर टीप मारली. वाकडी आली. उसवली. पुन्हा मारली, कमी वाकडी आली. मसिस्काची गळ्याची पट्टी तिने उलटसुलट करून अभ्यासली आणि स्वतः लावून पाहिली. तिसऱ्या खेपेला लागली, पण आत जाड गोळा झाला. तिने शिवण गालाला घासून पाहिली. टोचत होती. खांद्याचीही टोचत होती. पट्टी उसवून पुन्हा लावायला वेळ होता, धीर नव्हता.

ती त्या शिवणीकडे पाहत बसली. मग चिडूनच तिने झबलं उलटं केलं. मऊ बाजू आत गेली, जाड कडा बाहेर आल्या. पुन्हा गाल लावला. आता टोचत नव्हतं.

“असू दे असंच,” ती स्वतःशी म्हणाली. मग सगळ्या शिवणी तिने बाहेरच घेतल्या, आणि बाहेर दिसणाऱ्या कडा दुमडून हाताने टाचल्या. ओबडधोबड दिसत होतं. पण अंगाला लागणारी बाजू सायीसारखी होती.

दुसऱ्या बाहीची दुमड चालू असतानाच कळा सुरू झाल्या. सकाळची वेळ होती, बाहेर धुक्याचा रिमझिम पाऊस. तिने मशीनचा दांडा धरून एक कळ जाऊ दिली, तीन टाके मारले, आणि दुसऱ्या कळेला सासूला हाक मारली. न्याकुम्वेंडा आली. अंगाला गुंडाळायच्या चितेंज्यांची चळत, प्लास्टिक, बादली, सगळं तिने आधीच बांधून ठेवलेलं होतं. मशीनमध्ये अडकलेल्या झबल्याकडे तिने पाहिलं. सेकानीला वाटलं, आता ही ते इथेच सोडणार.

“हे झालंय का?” सासूने विचारलं.

“बंद लावायचे राहिलेत.”

सासूने दोरा कापला, झबलं सोडवलं, त्यात सुई टोचून दोऱ्याचं रीळ गुंडाळलं आणि पिशवीत टाकलं. “तिथे बाकावर बसून लाव. वेळ असतो तिथे.”

वेळ होता. दवाखान्याच्या ओसरीत, दोन कळांच्या मध्ये, सेकानीने बंद लावले. एक जरा खाली गेला. ती उसवायला निघाली, तशी सासूने तिच्या हातातून सुई काढून घेतली. “पुरे आता. आत चल.”

दुपारनंतर मुलगी झाली. बारीक, लालसर, प्रचंड ओरडणारी. नर्सने कपडे मागितले. पिशवीत लोकरीचा एक नवाकोरा संच होता, लुंबानीने गुपचूप आणलेला. सासूने तो वरचा बाजूला सारला आणि खालचं पिवळं काढून दिलं.

डोकं गळ्यातून गेलं, जरा ओढावं लागलं. डावी बाही हातावरून चार बोटं लोंबत होती. नर्स बंद बांधता बांधता थबकली.

“हे उलटं आहे, आजी.”

“सरळच आहे,” सेकानी खाटेवरून म्हणाली. आवाज फुटत नव्हता, तरी म्हणाली.

“शिवण बाहेर आलीय की.”

“मुद्दाम घेतलीय! टोचू नये म्हणून. हात लावून बघा आतून.”

नर्सने मान हलवली आणि बांधलं. त्यानंतर दोन दिवसांत जो आला त्याने तेच सांगितलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईने, तिला भेटायला आलेल्या बहिणीने, झाडूवालीने. मंडळाच्या आठ बायका गाणं म्हणत आल्या आणि गाणं संपताच एकीने बाळाच्या खांद्याला बोट लावलं, “अय्या, घाईत उलटं घातलं वाटतं!” सेकानी प्रत्येकीला पहिल्यापासून समजावत होती, आणि प्रत्येकीच्या चेहऱ्यावर बाळंतिणीला लावायचं तेच समजूतदार हसू येत होतं. आठवीच्या वेळी तिने तोंड भिंतीकडे वळवलं. मागून सासूचा आवाज ऐकू आला, “उलटं नाहीये ते. आतून मऊ आहे. आमच्या सुनेने असंच बेतलंय.” आणि मग, थोडं थांबून, “हात धुतलेत का तुम्ही? मग लावून बघा.”

मुलीचं नाव लुंबानीने चिम्वेम्वे ठेवलं, आनंद. “एकीचं नाव ‘हसा’ ठेवून पाहिलं, उपयोग झाला नाही,” तो म्हणाला आणि उशी चुकवायला खाली वाकला.

झबलं एकच होतं. सकाळी दूध सांडलं की धुवायचं, चुलीच्या उबेला वाळवायचं, तोवर मुलगी लोकरीच्या संचात. त्यात ती दिसायची फार छान, आणि जो तो तसं बोलून दाखवायचा. तिसऱ्या आठवड्यात सेकानी पुन्हा मशीनपाशी बसली. हिरवं फ्लॅनेल होतं. गळा पहिल्याच खेपेला बसला, आणि तिने कोणालाही हाक मारून सांगितलं नाही. पण मूल दर पाच मिनिटांनी उठत होतं. बाही धरली की रडायचं, टीप अर्ध्यात आली की रडायचं. सासू येऊन त्याला पाठीशी बांधून घेऊन जायची. मशीनकडे ती बघतसुद्धा नसे, जाणूनबुजून दुसरीकडे तोंड करून जायची.

बारा दिवसांनी झबलं पूर्ण झालं. दोन्ही बाह्या सारख्या, बंद समोरासमोर, शिवण बाहेरून, कडा नीट टाचलेल्या. सेकानीने ते उजेडात धरून पाहिलं. एक टाका वाकडा होता, तोही काखेत. मुलीला मांडीवर घेऊन तिने झबलं गळ्यातून घातलं, एक हात बाहीत घातला, दुसरा घातला आणि बंद बांधायला गेली.

बंद एकमेकांना पोचेनात. तिने पोट हलकेच दाबून पाहिलं, कापड ताणून पाहिलं. मधे तीन बोटं पोट उघडं राहत होतं. मुलगी तिच्याकडे पाहून पाय झाडत होती, दुधाने टम्म फुगलेली.

“अगं थांब ना जरा!” सेकानी तिच्यावर ओरडली. “इतकी कसली घाई आहे तुला मोठं व्हायची?”

मग तिने तिचे हात बाह्यांतून काढले, दोऱ्याने छाती पुन्हा मोजली, मापात चार बोटं जास्त धरली आणि कात्री शोधायला उठली.